नाटक सोसणारी लोकशाही

अथेन्सच्या सुवर्णयुगाचे गोडवे गाणारे बहुधा पार्थेनॉनच्या खांबांपाशीच थांबतात. त्या नगरीची खरी कसोटी लागली ती इ.स.पू. ४१५ च्या वसंतोत्सवात. काही महिन्यांपूर्वीच तिने मेलॉस हे छोटे बेट शरण आणून तेथील पुरुषांची कत्तल केली होती, बायकामुलांना गुलाम केले होते. हे कृत्य कोणा जुलमी राजाचे नव्हते, लोकशाहीचे होते. आणि त्याच लोकशाहीच्या सरकारी उत्सवात युरिपिडीझचे ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ उभे राहिले: बेचिराख नगर, आणि विजेत्यांनी आपसांत वाटून घेतलेल्या बायका. विजेते ग्रीक, प्रेक्षकही ग्रीक! युरिपिडीझला दुसरे बक्षीस मिळाले. युद्ध मात्र थांबले नाही. त्याच वर्षी सिसिलीवर स्वारी निघाली. नाटकाने राजकारण पालटते, असा भाबडा समज बाळगण्याचे कारण नाही.

तरीही त्यामागची व्यवस्था पाहण्याजोगी आहे. कोरसचा खर्च श्रीमंत नागरिकावर कर्तव्य म्हणून लादला जाई; पण पैसा देणाऱ्याला नाटक निवडण्याचा हक्क नसे. नाटककार निवडणारा अधिकारी चिठ्ठी टाकून नेमलेला आणि परीक्षकही चिठ्ठीनेच ठरलेले. इ.स.पू. ४२४ मध्ये ॲरिस्टोफेनीसने ‘घोडेस्वार’मध्ये क्लिऑन या बलाढ्य पुढाऱ्याची यथेच्छ टर उडविली, तेव्हा पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. (थोड्याच दिवसांत लोकांनी क्लिऑनला सेनापती निवडले, हा भाग वेगळा. मतदार सर्वत्र सारखेच!)

अर्थात या सभेत स्त्रिया नव्हत्या, गुलाम नव्हते. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत राबणाऱ्यांच्या घामावर हे वैभव उभे होते. महाराष्ट्रात नेमक्या वगळलेल्यांच्या बाजूने पहिला आवाज उठला. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. पुढे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये परक्या सरकारने बंदी घातली, ती १८७६ च्या कायद्याने. तो कायदा रद्द व्हायला २०१८ साल उजाडले! स्वराज्यातही संहिता आधी परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवण्याची रीत आली. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. या पूर्वतपासणीलाच अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये न्यायालयात आव्हान दिले.

मुंबईच्या या वादाचा कन्नड तालुक्यातील पिशोरशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १९५८ च्या कायद्याने पिशोरचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे. बाई आहे, दलित आहे, भूमिहीन मजूर आहे. अथेन्सच्या सभेपेक्षा ही सभा कितीतरी व्यापक. पण कोणत्याही गावात जत्रेच्या मंडपात काय व्हावे, हे सहसा कोण ठरवितो? वर्गणीचा मोठा आकडा ज्याचा, त्याचा शब्द वजनदार. रेशनच्या काट्यावर किंवा टँकरच्या रांगेवर वग रचणाऱ्या पोरांना पहिला अडसर मंडळाचा नसतो. या वजनदार शब्दाचा असतो. वर्गणी त्याने अवश्य द्यावी. प्रयोग कोणता व्हावा हा विषय मात्र ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि निवडणारे पाच जण तेथेच, सर्वांदेखत, चिठ्ठ्या टाकून काढावेत. त्या चिठ्ठ्यांत बायकांची नावे हवीत, शेतमजुरांचीही हवीत.