सामना संपल्यावर घरी कोण सोडणार?

आपल्या रायगडात कबड्डीला प्रेक्षक गोळा करावे लागत नाहीत. पेण, अलिबाग, रोह्याच्या गावांत रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात आणि आजीबाईसुद्धा पकड चुकली की हळहळतात. मुलीही खेळतात, चांगल्या खेळतात. मग कॉलेजात गेल्यावर यांचं होतं काय?

मी जिथे जिथे मुलींशी बोलते तिथे उत्तर एकच मिळतं. "घरचे पाठवत नाहीत." आपण लगेच आईवडिलांना जुनाट ठरवून मोकळ्या होतो. पण जरा त्या आईच्या जागी उभं राहून बघा. पेण, रोह्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात. आंतरमहाविद्यालयीन सामना लांब कुठेतरी, तोही उशिरा सुरू होणार. पेणच्या मुलीला निदान महामार्गावरची एस.टी. आहे. रोह्याच्या मुलीचं काय? दिवा-रोहा गाडी चुकली की संपलंच. गाडी मिळाली तरी स्टेशनापासून गावापर्यंत रात्री कोण नेणार? सोबत बाई शिक्षिका आहे का? जेवणाचं काय? ही आई खेळाला नाही म्हणत नाहीये, ती परतीच्या वाटेला नाही म्हणतेय.

आणि सरकारी सोयींची गंमत बघा. खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंत. म्हणजे कॉलेजचा खेळ खरा सुरू होतो तिथेच तो संपतो! मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आधार आहेच. पण अर्ध्या तिकिटाने रात्रीची गाडी काही वाढत नाही.

यात जातं काय, तेही बघू या. आशियाई स्पर्धांत महिला कबड्डी २०१० साली आली आणि पहिलंच सुवर्ण भारताने घेतलं. २०१२ च्या पाटण्यातल्या विश्वचषकात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे या आपल्या महाराष्ट्राच्या पोरी होत्या. २०२३ मध्ये हांगझोऊला अंतिम सामना आपण २६-२५ असा, एका गुणाने जिंकला. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मोठ्या स्पर्धेतली कामगिरी लागते. जी मुलगी तालुक्याबाहेर खेळलीच नाही, तिने ती कुठून आणायची? शिवाय मोठे सामने मॅटवर, हिचा सराव मातीवर. नुसत्या जिद्दीने हे अंतर कापता येत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या मुलींच्या खेळाचं आपल्याला कौतुक. पण तिथेही ते कुणी प्रेमाने दिलं नाही. १९७२ साली 'टायटल नाइन' कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायला मनाई झाली, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं.

आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची? प्रवेशाच्या वेळी फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम असते. खेळणारी, न खेळणारी, सगळ्याच मुली ती भरतात. त्यातले मुलींच्या संघावर किती खर्च झाले, सामन्याला गाडी केली का, सोबत कोण गेलं, हे कॉलेजने फळ्यावर लावावं. विद्यापीठानेही मुलींच्या फेऱ्या दिवसाउजेडी संपतील अशा ठेवाव्यात, काही इकडे रायगडातच भरवाव्यात. मैत्रिणींनो, पुढच्या जूनमध्ये मुलीचं नाव घालायला जाल तेव्हा खिडकीवर फी किती हे विचारालच. त्याबरोबर सामन्यानंतर पोरींना घरी कोण सोडतं, हेही विचारा.