वैद्यकीची परीक्षा आणि रोग्याची खाट

वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षांविषयीं गाऱ्हाणें मांडलें कीं, पोक्त मंडळी हंसून विचारतात, 'परीक्षा कोणास गोड लागली आहे?' हें हंसणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. बिडकीनच्या पेठेंतील एखाद्या दुकानदाराचें मूल रात्रीं तापानें फणफणलें, किंवा येथील नव्या औद्योगिक वसाहतींत एखाद्या कामगाराचा हात यंत्रांत सांपडला, आणि दुखणें गांवांत आवरण्यासारखें नसलें, तर पैठण रस्त्यानें छत्रपति संभाजीनगरची 'घाटी' गांठावी लागते. तेथें रोग्यास पहिला हात लावणारा पुष्कळदां नुकताच परीक्षा उतरलेला तरुण असतो. त्याची परीक्षा कशी झाली, हा प्रश्न मग त्याच्याइतकाच त्या दुकानदाराचाही आहे.

घाटीचें वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं निघालें. १९९८ सालीं नाशिक येथें आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर अशा सरकारी महाविद्यालयांच्या परीक्षा त्या विद्यापीठाकडे गेल्या. लेखी परीक्षेविषयीं विद्यार्थ्यांची तक्रार पाठांतराची आहे. ती सर्वच विद्याशाखांत ऐकूं येते, म्हणून तेथें आम्हीं थांबत नाहीं. खरें शल्य तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेचें आहे. एकाच्या वांट्यास सरळ दुखण्याचा रोगी येतो, दुसऱ्याच्या वांट्यास तीन दुखणीं एकत्र झालेला. एक परीक्षक धीर देऊन विचारतो, दुसरा पहिल्याच प्रश्नास भुंवया चढवितो. यावर इलाज नाहीं असें नाहीं. स्कॉटलंडांतील डंडी येथें रोनल्ड हार्डेन यांनीं १९७५ सालीं अशी पद्धति मांडली कीं, प्रत्येक विद्यार्थ्यानें ठराविक वेळांत तींच तींच ठाणीं फिरावीं, आणि गुण कशास द्यावयाचे याची यादी परीक्षकाच्या हातीं आधींच असावी. आपल्याकडेही २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमांत कौशल्यांवर भर आहे, नोंदवही आहे. परंतु नोंदवहीवरील सह्या परीक्षेच्या तोंडावर एका बैठकींत उरकल्या जातात, असें विद्यार्थीच सांगतात. मग वही असली काय आणि नसली काय!

याहून मोठा अनर्थ पदवीच्या पुढें आहे. आंतरवासीयतेचें एक वर्ष रोग्याच्या खाटेपाशीं शिकण्यासाठीं ठेवलेलें. पण त्याच वर्षाच्या शेवटीं पदव्युत्तर 'नीट' उभी असते: साडेतीन तासांत दोनशें प्रश्न, बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा. प्रश्नास मिनिटाहून किंचित् अधिक वेळ. ज्याचें सारें भवितव्य या दोनशें प्रश्नांवर टांगलें आहे, तो वॉर्डांत उभा राहून प्रश्नसंचच चाळणार. त्यास बोल कोणत्या तोंडानें लावावा? त्यांतही तारखांचा धरबंध नाहीं. २०२४ सालीं २३ जूनची परीक्षा आदल्या रात्रीं पुढें ढकलली गेली, ती ११ ऑगस्टला दोन पाळ्यांत झाली. पुढील वर्षीं एकाच पाळींत घ्या, असें सर्वोच्च न्यायालयास ३० मे रोजीं सांगावें लागलें, आणि १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली.

पर्यायी उत्तरांच्या परीक्षेचा एक गुण आम्हांस मान्य आहे: यंत्रास लहर नसते, वशिला कळत नाहीं. तोंडी परीक्षेनें पोळलेला विद्यार्थी म्हणूनच तिला चिकटतो. पण वाढलेली पाणथरी बोटांस लागते कीं नाहीं, हें दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडून कसें समजावें?

या कोंडींतून वाट काढण्यासाठीं २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यांत 'नेक्स्ट' परीक्षा योजिली होती. जून २०२३ च्या नियमांत तिचे दोन टप्पे होते. पहिला आंतरवासीयतेपूर्वीं, ५४० प्रश्नांचा. दुसरा आंतरवासीयतेनंतर, सात विषयांत प्रत्यक्ष रोग्यापाशीं. योजना बरी होती, घाई वाईट. निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम संपविलेल्या तुकडीवर नवा नियम लादणें म्हणजे सौदा झाल्यावर माप बदलणें होय. पेठेंतल्या कोणत्याही व्यापाऱ्यास हें समजावून सांगावयास नको. विद्यार्थी खवळले, आणि २८ जुलैची सराव परीक्षाही न होतां परीक्षा लांबणीवर पडली.

विद्यार्थ्यांचा रोष घाईपुरता योग्य होता. मात्र त्या योजनेंतील एका उणीवेकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलें नाहीं. पदव्युत्तर प्रवेशाचा क्रम केवळ पहिल्या टप्प्याच्या गुणांवर लागणार होता. रोग्यापाशींची परीक्षा नुसती उत्तीर्ण-अनुत्तीर्ण इतकीच. म्हणजे खाटेची किंमत पुन्हा शून्य. योजना पुन्हा हातीं घेतली जाईल तेव्हां दुसऱ्या टप्प्याचे कांहीं गुण क्रमांत धरावे. पक्षपाताचें भय आहे, म्हणून परीक्षक बाहेरचे, ठाणीं सर्वांस समान व गुणांची यादी आधीं ठरलेली असावी. आणि ज्या तुकडीस हा नियम लावावयाचा, तिला तो प्रवेशाच्या दिवशींच हातीं द्यावा.