चाल की पॅक? पोकरचा अवघड डाव आणि आपल्या गल्ल्याचं गणित



या आठवड्याच्या व्हिडिओत मी पोकरचं नाव घेतलं आणि लगेच दोघा-तिघांनी विचारलं, "सर, आता जुगार शिकवणार का?" तेव्हा आधीच सांगून टाकतो. पैसे लावून पत्ते खेळा असं मी कुणालाही सांगत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केलेला आहे, त्यामुळे मोबाइलवर कुणी लिंक पाठवली तर डिलीट करा. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर परवान्याने कॅसिनो चालतात. तिथून आलेला माणूस जिंकल्याचाच किस्सा सांगतो, हरल्याचा सांगत नाही, हेही तुम्हाला माहीत आहेच.

मग पोकरच का? कारण आपल्या या प्रशिक्षणाच्या क्षेत्रात "टिकून राहा", "हार मानू नका", "यश एका पावलावर आहे" हे सांगणारे ढिगाने आहेत. थांबायचं कधी हे आकड्यात बसवून सांगणारे फार कमी. पोकर खेळणाऱ्यांनी मात्र या एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं डोकं घासलंय. माझं स्पष्ट मत आहे की नव्या उद्योजकाने दहा मोटिव्हेशनल भाषणं ऐकण्यापेक्षा एक पोकरचा डाव नीट समजून घ्यावा. खेळू नये, समजून घ्यावा.

तीन पत्ती दिवाळीत घरोघरी होते, त्यामुळे चाल, पॅक, शो हे शब्द वेगळे सांगायला नकोत. पोकरचा जो प्रकार टीव्हीवर दिसतो त्याला टेक्सास होल्डेम म्हणतात. प्रत्येकाला दोन पानं गुपित. टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडी, पण ती एकदम येत नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पॅक करायचं, त्याला तिकडे फोल्ड म्हणतात. आपल्या धंद्यासारखंच आहे बघा. माहिती हप्त्याहप्त्याने येते आणि प्रत्येक हप्त्याला पैसे मागते.

आता एक खरा डाव. २००३ सालची लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. मुख्य स्पर्धेची फी १०,००० डॉलर, खेळाडू ८३९. शेवटी दोघेच उरले. एक सॅमी फारहा, मुरलेला व्यावसायिक खेळाडू. दुसरा क्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला अकाउंटंट (आडनाव खरंच मनीमेकर आहे!), जो ८६ डॉलरची ऑनलाइन पात्रता फेरी जिंकून तिथे पोचला होता. मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदाम नव्वी. टेबलावर पहिली तीन पानं आली: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. म्हणजे फारहाची नव्व्यांची जोडी लागली. चौथं पान इस्पिक अठ्ठी.

इथे थांबून मनीमेकरच्या खुर्चीत बसू. त्याच्याकडे अजून काहीच जमलेलं नाही. पण शेवटचं पान इस्पिकचं आलं तर फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची. अशी नऊ पानं शिल्लक. पंजी किंवा दश्शी आली तर सहा-सात-आठ-नऊला जोडून सलग पाच पानांची ओळ. इस्पिकची सोडून अशी आणखी सहा पानं. एकूण १५. न दिसलेली पानं ४६. १५ भागिले ४६, साधारण ३३ टक्के. म्हणजे तीनातून एकदा चांगलं पान येणार, आणि शिवाय समोरचा घाबरून पॅक करण्याची शक्यता. जिंकायचे दोन रस्ते. त्याने पैसे वाढवले, फारहाने तेवढे भरले. हात लागलेला नसताना पैसे वाढवणं म्हणजे वेडेपणा असं आपल्याला वाटतं, पण हा हिशोबातला धोका होता.

शेवटचं पान आलं बदाम तिर्री. पंधरापैकी एकही नाही. आता मनीमेकरकडे नुसता राजा, आणि जिंकायचा एकच रस्ता: समोरच्याने पॅक करणं. त्याने होतं नव्हतं सगळं पुढे सरकवलं. फारहाने बराच विचार केला आणि जिंकणारी जोडी टाकून दिली. पुढे मनीमेकर स्पर्धा जिंकला, २५ लाख डॉलर. त्या बातमीनंतर जगभर पोकरची लाट आली.

बहुतेक लोक इथून "बघा, हिंमत पाहिजे" असं शिकतात. मला हे अजिबात पटत नाही. त्या स्पर्धेत आणखी ८३८ जण होते, त्यातल्या किती जणांनी तशीच हिंमत करून सगळं घालवलं असेल? त्यांचा व्हिडिओ कुणी बघत नाही. मला जास्त शिकवतो तो फारहा. खरा अवघड हात त्याचाच होता.

बघा, पोकरमध्ये फालतू हात महाग पडत नाही. तो तुम्ही पहिल्या फटक्यात टाकता. फार भारी हातही सोपा, पैसे वाढवत जायचे. महाग पडतो मधला हात. बरा आहे, टाकवत नाही, आणि समोरचा मोठी रक्कम लावतो. फारहाची नव्व्यांची जोडी फक्त एकाच गोष्टीला हरवू शकत होती, थापेला. समोर फ्लश असेल, ओळ असेल, दोन जोड्या असतील तर तो मेला होता. तेव्हा प्रश्न "माझा हात कसा आहे" हा उरलाच नव्हता. प्रश्न होता, हा माणूस किती वेळा थाप मारत असेल. फारहाच्या स्वतःच्या हातात इस्पिकची राणी होती, म्हणजे समोर फ्लश असण्याची शक्यता थोडी कमी, हा एक धागा त्याला होता. तरी त्याने टाकलं, आणि निकाल चुकीचा लागला. पण निकाल चुकला म्हणजे विचार चुकला असं होतं का? अ‍ॅनी ड्यूक नावाची पूर्वीची व्यावसायिक खेळाडू आहे, तिने २०१८ च्या आपल्या पुस्तकात या सवयीला "रिझल्टिंग" म्हटलंय. निकालावरून निर्णयाची किंमत करणं. आपल्याकडे तर हा घराघरातला छंद आहे. शेजाऱ्याचं दुकान चाललं की तो हुशार, बसलं की "मी आधीच म्हणालो होतो".

आता पैसे किती आणि कधी लावायचे. यासाठी एक भागाकार येतो तेवढा पुरे. टेबलाच्या मध्ये ६०० रुपये जमलेत. समोरच्याने ३०० लावले. पुढे राहायला तुम्हाला ३०० भरावे लागतील. भरल्यावर पॉट होतो १२००. ३०० भागिले १२००, म्हणजे २५ टक्के. चारातून एकदा जिंकणार असाल तर बरोबरी. तुम्ही फ्लशची वाट बघताय, नऊ पानं शिल्लक, एकच पान यायचंय. ९ भागिले ४६, साधारण २० टक्के. लागतात २५, आहेत २०. पॅक. आता समोरच्याने ३०० ऐवजी १०० लावले असते तर? १०० भागिले ८००, म्हणजे साडेबारा टक्के लागतात आणि तुमच्याकडे २० आहेत. चाल. पानं तीच आणि निर्णय उलटा, कारण किंमत बदलली. (पान लागल्यावर समोरच्याकडून आणखी पैसे निघणार असतील तर थोडी कमी शक्यता चालून जाते, जाणकार तोही हिशोब धरतात. पण तो अंदाज आहे, आणि अंदाजात माणूस स्वतःवर फार मेहेरबान असतो.)

आणि त्या ६०० मधले २०० तुम्हीच मघाशी टाकलेले असतील ना, ते आता तुमचे नाहीत. ते पॉटचे झाले. पॅक करताना "माझे दोनशे गेले" असं जे वाटतं, ते दोनशे आधीच गेलेले आहेत.

माझ्या स्टेशनरी आणि गिफ्टच्या दुकानात हा भागाकार दर राखी पौर्णिमेला होतो. दोन दिवस उरलेत आणि घाऊकवाला म्हणतो, आणखी २०० राख्या घ्या, २० ला एक, परत घेणार नाही. मी विकतो ५० ला. लागणार ४,०००. ८० राख्या गेल्या की माझे पैसे सुटले, म्हणजे ४० टक्के. मग प्रश्न एवढाच की आजच्या गर्दीकडे बघून उरलेल्या दोन दिवसांत ८० च्या वर जातील का? आधी राख्यांमध्ये ३०,००० घातलेत की ३,०००, याचा या प्रश्नाशी संबंधच नाही. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी माल कमी पडला म्हणून या वर्षी डोळे मिटून घेणं हेही चूक, आणि मागच्या वर्षी उरला म्हणून न घेणं हेही. वही उघडायची, दोन दिवसांची विक्री बघायची. पौर्णिमा झाली की उरलेली राखी म्हणजे रंगीत दोरा.

हे सोपं उदाहरण झालं, कारण तारीख ठरलेली आहे. मधला हात अवघड. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक ताई आहेत, फरसाण-स्नॅक्सचं काउंटर चालवतात. गाळ्याचं भाडं, लाइट बिल, एक कामाची मुलगी, सगळं जाऊन महिन्याला सहा हजार हातात उरतात. दुकान बंद पडत नाही आणि घरही चालत नाही. त्यांना दोन लाखांचं सोनेतारण करायचं होतं. नवं फर्निचर, मोठा फ्रीजर, बोर्ड. "सर, तीन वर्षं घातली, आता मागे कशी हटू?" मी म्हटलं, ताई, ती तीन वर्षं पॉटमध्ये गेली, त्यांना बाजूला ठेवा. आजपासून दोन लाख लावायचे तर ते सुटायला महिन्याला किती जास्तीची विक्री लागेल? व्याजासकट मांडलं तेव्हा सध्याच्या जवळजवळ दीडपट विक्री लागत होती. नवा बोर्ड लावून दीडपट गिऱ्हाईक येणार का? त्या गप्प बसल्या. मंगळसूत्र सोडून बाकी सगळं सोनं त्यात जाणार होतं.

शेवटी ठरलं असं की दोन लाख नाही, पंधरा हजार. भाड्याचा फ्रीजर, एप्रिल आणि मे, फक्त ताक, लस्सी आणि कुल्फी. ३१ मे ला वही बघायची. दोन्ही महिने मिळून किती नफा सुटला तर पुढे जायचं आणि कितीच्या खाली आला तर गाळा सोडायचा, हे दोन आकडे त्यांनी आजच लिहून भिंतीवर लावले. आकडा आधी का? कारण रक्कम आत गेली की डोकं आकडा सरकवायला लागतं. पोकरमध्ये त्याला टिल्ट म्हणतात, हरल्याच्या रागात खेळणं. आपल्याकडे त्याला जिद्द म्हणतात आणि हार घालतात.

इथे पोकर आणि धंदा वेगळे होतात, तेही सांगतो. नुसतं समोरच्याकडे काय आहे हे कळावं म्हणून पैसे लावणं टेबलावर बहुधा महाग पडतं. धंद्यात ते स्वस्त पडतं. गिऱ्हाइकाला सरळ विचारता येतं, घरमालकाशी भाड्यावर बोलता येतं, घाऊकवाल्याकडून आधी अर्धीच पेटी मागता येते. टेबलावर हातातली पानं बदलत नाहीत, दुकानात माल बदलता येतो. म्हणून मी प्रत्येक मधल्या हाताला "बंद करा" म्हणत नाही.

आणि दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही एक. पोकरमध्ये आळीपाळीने दोघांना पानं बघण्याआधीच ठरलेली रक्कम भरावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. जो प्रत्येक हात टाकतो तो ब्लाइंड भरून भरूनच संपतो. माझ्या कोर्सला चौथ्यांदा आलेले लोक आहेत. चार वर्षं नोकरी करत "योग्य वेळ" शोधताहेत, प्रत्येक आयडियात खोट काढून टाकून देताहेत. त्यांचं वय हाच त्यांचा ब्लाइंड आहे. त्यांना मी पॅक करा असं सांगणार नाही. त्यांनी दहा हजार लावून रविवारचा स्टॉल टाकावा.

कसलेला खेळाडू सगळी पुंजी एका टेबलावर नेत नाही, कारण बरोबर खेळूनही माणूस सलग हरतो. वरचा २० टक्क्यांवाला हात दहा वेळा खेळलात तरी दहाही वेळा पान न लागण्याची शक्यता साधारण १० टक्के असते. तेवढे फटके खाऊन उभं राहता आलं पाहिजे. म्हणून घरखर्चाचे सहा महिने बाजूला ठेवल्याशिवाय गाळा घेऊ नका हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हसतो.

पुढच्या मंगळवारच्या व्हिडिओत गाळ्याच्या करारातलं लॉक-इनचं कलम घेणार आहे. तोवर आपापला करार काढा आणि आज गाळा सोडायचं ठरवलं तर नोटीस किती महिन्यांची, डिपॉझिटमधून किती कापणार, हा आकडा शोधून वहीत लिहून ठेवा. बऱ्याच जणांनी सही करताना ते पान वाचलेलंच नसतं.