जबलपूरच्या विद्यापीठांनी एकमेकांना दारे उघडावीत

बारावीचा निकाल जवळ आला की आमच्या जबलपूरच्या मराठी घरांत मुलाला पुण्याला धाडायचे की नागपूरला, यावर खल सुरू होतो. इथेच शिकू दे, असे फारसे कोणी म्हणत नाही. मला याचे वाईट वाटते, कारण या शहरात काय नाही? राणी दुर्गावती विद्यापीठ १९५६ चे, जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४ चे. मराठवाड्या-विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले जेएस ३३५ हे सोयाबीन याच कृषी विद्यापीठाचे वाण. शिवाय हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीच्या नानाजी देशमुखांच्या नावाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ, आयुर्विज्ञान विद्यापीठ, धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि डुमना रस्त्यावरची ट्रिपल आयटी.

पण एका संस्थेतल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या संस्थेच्या वर्गात बसता येत नाही, हे आमचे खरे दुखणे आहे.

एकच उदाहरण देतो. कान्हा आणि पेंच आमच्यापासून काही तासांवर, उच्च न्यायालय तर शहरातच. वन्यजीव गुन्ह्यांचे खटले लढवायचे असे ठरवलेल्या कायद्याच्या विद्यार्थिनीला जप्त केलेले नख बिबट्याचेच आहे, हे कसे सिद्ध करतात ते समजायला हवे. ते शिकवणारा वन्यजीव न्यायवैद्यक विभाग पशुवैद्यकीय विद्यापीठात आहे. दोन्ही एकाच शहरात असून ती तो विषय रीतसर घेऊन त्याचे श्रेयांक मिळवू शकत नाही. उलट बाजूने पाहा: कृषीच्या मुलाला बियाणे कायदा किंवा यंत्ररचना शिकायची असेल, तर त्याने कुठे जावे?

नियम आड येतात म्हणावे, तर २०२० च्या शैक्षणिक धोरणाने बहुशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला आणि २०२१ मध्ये श्रेयांक साठवण्याची अकॅडेमिक बँकही आली. अडचण वेगळीच आहे. कृषी एका खात्याकडे, पशुवैद्यक दुसऱ्याकडे, वैद्यक तिसऱ्याकडे. ट्रिपल आयटी केंद्राची. प्रत्येकाचे वेळापत्रक निराळे, परीक्षा निराळ्या. ही अडचण खरी आहे, पण सुटणारी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पाच शिक्षणसंस्थांनी १९६५ पासून रीतसर संघ चालवला आहे. तिथला विद्यार्थी पाचांपैकी कुठेही विषय घेतो आणि त्याच्यासाठी संस्थांमध्ये बस धावते. आपण सुरुवातीला शनिवारचे दोन-तीन समाईक विषय ठेवावेत आणि या संस्था असलेले आधारताल, पचपेढी, डुमना हे भाग जोडणारी मेट्रो बस सोडावी. संध्याकाळची फेरी नक्की हवी. ती नसेल तर मुलींसाठी हे सारे कागदावरच राहील. ग्रंथालयेही सर्वांना ओळखपत्रावर खुली करावीत.

यासाठी रेटा विद्यार्थ्यांनीच लावायला हवा. याच शहरातले विद्यार्थी नेते शरद यादव १९७४ च्या पोटनिवडणुकीत सत्ताविसाव्या वर्षी लोकसभेवर गेले. आज मात्र मध्य प्रदेशात विद्यार्थी संघाच्या थेट निवडणुका कित्येक वर्षे झालेल्या नाहीत. मग मुलांचे म्हणणे कुलगुरूंपर्यंत पोहोचवणार कोण? वसतिगृहातला नळ असो की नवा अभ्यासक्रम, अर्ज देऊन वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती उरते. सर्व संस्थांचे एक निवडून आलेले संयुक्त विद्यार्थी मंडळ असावे, अशी माझी ठाम मागणी आहे.

इथल्या मराठी मंडळींनाही एक विनंती. गणेशोत्सवात आपण वर्गणी काढतो, व्याख्याने ठेवतो. आपल्यातले निवृत्त अभियंते, वकील, डॉक्टर या समाईक वर्गांत शिकवायला पुढे आले, तर विद्यापीठांना नाही म्हणणे जड जाईल. सर्व कुलगुरूंनी आणि ट्रिपल आयटीच्या संचालकांनी येत्या सत्राआधी एकदा एकत्र बसावे आणि निदान पहिले दोन विषय जाहीर करावेत.

आपला,
एक पालक, राइट टाउन, जबलपूर