फोन ग्राहकाचा, किल्ली कंपनीची

पैसे मोजून घेतलेली वस्तू कशी वापरावयाची, कोणाकडून दुरुस्त करून घ्यावयाची आणि केव्हा टाकून द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार विकत घेणाराचा असतो, हे तत्त्व बाजारव्यवस्थेच्या मुळाशी आहे. स्मार्टफोनच्या बाबतीत मात्र हा अधिकार गेल्या काही वर्षांत ग्राहकाच्या हातून निसटत चालला आहे. याचा फारसा गाजावाजा झालेला नाही. म्हणूनच त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

फोन सुरू होताना आरंभीच 'बूटलोडर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. पुढे येणाऱ्या कार्यप्रणालीवर उत्पादकाचा सहीशिक्का आहे की नाही, हे तो तपासतो आणि नसेल तर तिला उंबरठ्यावरच अडवितो. हे कुलूप उघडता आले, तरच कंपनीच्या प्रणालीऐवजी 'लिनिएजओएस'सारखी, स्वयंसेवकांनी तयार केलेली प्रणाली फोनवर बसविता येते. कंपनीने सुधारणा पाठविणे थांबविल्यावर जुना फोन आणखी काही वर्षे कामात ठेवण्याचा हा एक खात्रीचा मार्ग होता.

तो आता बंद होऊ लागला आहे. हुवावेने २०१८ साली कुलूप उघडण्याचे संकेतांक देणे थांबविले. शाओमीने २०२३ मध्ये 'हायपरओएस' आणल्यापासून अटी कडक केल्या. २०२५ पासून एका खात्यावर वर्षाला एकच फोन उघडता येतो. सॅमसंगने २०२५ मध्ये 'वन यूआय ८' बरोबर ही सोयच काढून घेतली. एलजीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. या कंपनीने २०२१ साली फोनचा धंदा गुंडाळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कुलूप उघडून देण्याची सेवाही बंद केली. दुकानदार गाव सोडून गेला आणि विकलेल्या घरांच्या किल्ल्याही बरोबर घेऊन गेला, असाच हा प्रकार झाला!

टिकाऊपणाचे अर्थशास्त्र

यामागील आर्थिक प्रेरणा समजण्यास कठीण नाही. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवून दिले, की टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदार उत्पादकाला स्वतःच पूर्वी विकलेल्या मालाशी स्पर्धा करावी लागते. वस्तूचा टिकाऊपणा कमी करणे, हा त्यातून सुटण्याचा एक मार्ग असतो. फोनची काच, यंत्रणा आणि बॅटरी गल्लीतला कारागीरही बदलू शकतो. प्रणाली मात्र जुनी झाली, की धडधाकट यंत्रही निकामी ठरते. तेव्हा प्रणालीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याच हाती वस्तूचे आयुष्य. याचा भुर्दंड दरवर्षी नवा फोन घेणाऱ्याला पडत नाही. वापरलेला फोन घेऊन त्यावर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पडतो.

सुरक्षिततेची ढाल

कंपन्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मान्य केले पाहिजे. आज बँकेचे खाते आणि यूपीआयचे व्यवहार फोनमध्येच सामावले आहेत. कुलूप उघडलेल्या फोनमध्ये मधल्या दलालाने घातक प्रोग्रॅम घुसविणे शक्य असते. अनेक बँकांची अ‍ॅप्स असा फोन नाकारतात, तीही याच भयाने.

परंतु या युक्तिवादाला मर्यादा आहेत. रीतसर कुलूप उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, त्यामुळे चोराच्या हाती मालकाची कागदपत्रे पडत नाहीत. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये तर दुसरी प्रणाली बसवून ग्राहकाला आपल्या पसंतीच्या किल्लीने कुलूप पुन्हा लावता येते. अर्थात सुरक्षितता आणि मालकी यांचे मूलतः वैर नाही. किंबहुना कंपनीने सुधारणा थांबविलेला आणि तरीही कुलूपबंद राहिलेला फोनच दिवसेंदिवस अधिक असुरक्षित होत जातो. कारण नवी छिद्रे बुजविणारा कोणी उरत नाही.

आपल्या देशाला हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरविले होते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाइल फोनही तिच्या कक्षेत घेतले. मात्र दुरुस्ती म्हणजे स्क्रू आणि पडदे एवढाच अर्थ घेतला, तर तो हक्क अर्धामुर्धाच राहील.

यावर तोडगा साधा आहे. प्रणालीची देखभाल करण्याचे दायित्व कंपनी पार पाडीत आहे तोवर किल्ली स्वतःकडे ठेवण्याचा तिचा आग्रह एक वेळ समजून घेता येईल. ते दायित्व ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी किल्ली ग्राहकाच्या स्वाधीन करण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे, आणि ती तारीख विक्रीच्या वेळीच खोक्यावर छापली पाहिजे. जबाबदारी टाकून द्यावयाची आणि अधिकार मात्र राखून ठेवावयाचा, ही सवलत आपण घरमालकालाही देत नाही; कारखानदाराला ती का द्यावी?