आभाळाकडे बघा, काका!

दुष्काळाचा फोटो काढायला नुसता दुष्काळ पुरत नाही. भेगाळलेली जमीन लागते, मळकं धोतर लागतं आणि कपाळावर हात धरून वर बघणारे एक काका लागतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यातून (तेव्हाचं उस्मानाबाद) २०१३ साली आणि पुन्हा २०१६ साली असे इतके काका छापून आले, की इथली माणसं मान वर करूनच जन्मतात असं पुण्या-मुंबईकडच्यांना वाटावं.

बरं, काका वर बघतात म्हटल्यावर वाचकही वर बघतो. गुन्हेगार कोण? आभाळ! "पावसाने पाठ फिरवली" हा मथळा पडला की पंचनामा संपला. आभाळाला कुठं निवडणूक लढवायचीय?

फोटोवाल्यानं कॅमेरा जरा बाजूला वळवला, तर कित्येकदा बांधापलीकडं हिरवागार ऊस दिसेल. हा पठ्ठ्या राज्याच्या लागवडीत जेमतेम चार-सहा टक्के जागा अडवतो आणि सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी गट्ट करतो! पण दुष्काळाच्या पानावर हिरवा रंग शोभत नाही ना. उसाची बातमी वेगळ्या पानावर : गाळपाचा विक्रम, चेअरमनसाहेबांचा सत्कार. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा वाघिणींचे फोटो झळकले. हे पाणी मुळात आटलं कशानं, ते आतल्या पानात, तेही बारीक टायपात.

ऊसवाल्या शेतकऱ्यावर माझा राग नाही. कायद्यानं दर बांधून दिलेलं आणि कारखाना उचलून नेणारं दुसरं पीक त्याला दाखवा, तो उद्या लावील. पण मग तेच छापा की, पहिल्या पानावर!