शुगर निघाली? चष्म्याची घाई नको!

मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या की आठवड्याभरात काहींना अंधुक दिसू लागते. मग "गोळीने डोळे बिघडले" म्हणून कोणी गोळीच बंद करतो, कोणी उसनवारी करून चष्मा आणतो. बंधू-भगिनींनो, आम्ही कळकळीने सांगतो, दोन्ही करू नका. रक्तातली साखर चढते-उतरते तसे डोळ्याच्या भिंगातले पाणी कमी-जास्त होते आणि नंबर बदलतो. साखर आटोक्यात आली की बहुधा ४ ते ६ आठवड्यांत नजर स्थिरावते. चष्म्याचा नंबर तेव्हाच काढावा. डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र लांबवू नये. एकाएकी काळे ठिपके दिसले, डोळ्यासमोर काळोखी आली, तर त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठावा. चष्मा थांबेल, गोळी थांबता कामा नये.